नावावरून जागेपर्यंत

मी दापोलीत राहून एका टेक्स्ट एडिटरवर, म्हणजे प्रोग्रामचा कोड लिहिण्या-वाचण्याच्या साधनावर, काम करते. त्यातला माझ्या वाट्याचा भाग असा, की कोड वाचताना एखादे नाव समोर आले, तर ते नाव जिथे ठरवले गेले त्या जागेपर्यंत वाचणाऱ्याला नेऊन सोडायचे. कर्सर फंक्शनच्या, म्हणजे कोडच्या एखाद्या नाव दिलेल्या तुकड्याच्या, नावावर ठेवायचा, कळ दाबायची आणि ते फंक्शन ज्या फाइलमध्ये ज्या ओळीवर लिहिलेले आहे ती ओळ समोर यायची, एवढीच ही सोय आहे. रोज एडिटर वापरणाऱ्याच्या ती इतकी अंगवळणी पडलेली असते, की तिच्यामागे कुणी काही ठरवले असेल हे त्याच्या मनातही येत नाही. प्रत्यक्षात बरेच काही ठरवावे लागते. एकाच नावाच्या चार जागा सापडल्या तर आधी कोणती दाखवायची, उत्तर पक्के नसेल तर थांबायचे की अंदाज सांगायचा, वाचणारा तिकडे जाऊन आला की त्याला मूळ जागी परत कसे आणायचे, असे प्रश्न त्या एका कळीमागे रांगेने उभे असतात. त्या सगळ्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. एडिटरला जेवढे ठाऊक आहे त्याहून अधिक ठाऊक असल्याचा आव त्याने आणू नये, यासाठी नेमके काय करावे लागते?

ज्या कोडवर मी ही सोय पारखून पाहते तो मी विचारपूर्वक निवडला आहे. किनाऱ्यावरच्या एका मच्छीमार सहकारी संस्थेचा हिशेब ठेवणारी ती प्रणाली आहे, पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेली. होड्या बंदरात आल्या की मासळीचा लिलाव होतो, बोली सुटली की भाव आणि वजन लिहिले जाते, दलाली वजा होते, आधी उचल दिलेल्या डिझेलचे आणि बर्फाचे पैसे वळते होतात आणि उरलेली रक्कम होडीच्या मालकाच्या खात्यावर जमा होते. हे सगळे सांभाळणारा कोड अनेक हातांनी, अनेक वर्षांत वाढलेला आहे. कुणी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी त्यात भर घातली आणि नोकरी लागल्यावर पुण्याला गेले, कुणी घाईत एक फाइल दुसरीवरून उतरवून काढली. त्यामुळे ‘नोंद_करा’ या नावाचे फंक्शन लिलावाच्या वर्गात (क्लासमध्ये, म्हणजे एका विषयाची फंक्शने एकत्र ठेवणाऱ्या कोडच्या गटात) आहे, डिझेलच्या वर्गात आहे, बर्फाच्या आहे आणि सभासदांच्याही आहे. नीटनेटक्या, आखीव कोडवर नाव शोधण्याची कोणतीही पद्धत चांगलीच दिसते. तिची खरी पारख अशा कोडवर होते.

या सोयीचा इतिहास पाहताना मला सीटॅग्जपाशी थांबावेसे वाटते. केन अर्नोल्ड यांनी लिहिलेला हा छोटा प्रोग्राम बर्कली विद्यापीठाच्या ३बीएसडी या युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या वितरणाबरोबर १९७९च्या अखेरीस बाहेर पडला आणि बिल जॉय यांच्या व्हीआय एडिटरला त्याची जोड मिळाली. तो कोडच्या सगळ्या फाइली वाचतो आणि साध्या मजकुराची एक फाइल तयार करतो. तिच्या प्रत्येक ओळीत तीन गोष्टी असतात: नाव, ते ज्या फाइलमध्ये आहे तिचा पत्ता आणि त्या फाइलमध्ये नेमक्या जागी पोहोचण्याची खूण. ओळी नावांच्या क्रमाने लावलेल्या असल्या की दर वेळी अर्धी यादी बाजूला टाकत शोधता येते, आणि दहा लाख नावे असली तरी सुमारे २० तुलनांत उत्तर हाती लागते.

या तिन्हींत मला त्या खुणेचे विशेष कौतुक वाटते. तिथे ओळीचा क्रमांक लिहून ठेवणे सर्वांत सोपे होते. पण फाइलच्या वरच्या भागात कुणी दोन ओळी वाढवल्या की खालचा प्रत्येक क्रमांक चुकतो आणि पुन्हा यादी तयार करेपर्यंत चुकलेलाच राहतो. म्हणून सीटॅग्ज बहुतेक वेळा त्या ओळीचा मजकूरच लिहून ठेवतो, आणि एडिटरने ती फाइल उघडून त्या मजकुराची ओळ शोधायची असते. वर काहीही वाढो वा कमी होवो, ओळ जोवर तशीच आहे तोवर ती सापडते. कोड हा सतत बदलत राहणारा मजकूर आहे हे गृहीत धरून केलेली ही रचना आहे, आणि आजही माझ्या इंडेक्समध्ये, म्हणजे नावांच्या अशाच यादीत, मी क्रमांकाबरोबर ओळीचा मजकूर ठेवते तो याच कारणाने. क्रमांकाच्या जागी तो मजकूर दिसला नाही, तर आसपास वर-खाली शोधायचे, आणि तिथेही नाही मिळाला तर इंडेक्स जुना झाला आहे हे वाचणाऱ्याला स्पष्ट सांगायचे.

सीटॅग्ज एका दिशेने उत्तर देतो: हे नाव कुठे ठरवले आहे? कोड वाचणाऱ्याला त्याच्या उलट दिशेचा प्रश्नही तितकाच पडतो: हे नाव कुठे कुठे वापरले आहे? बेल लॅब्जमध्ये जो स्टेफन यांनी लिहिलेल्या सीस्कोप या प्रोग्रामने हा दुसरा प्रश्न उघडपणे मांडला. या फंक्शनला कोण हाक मारते, म्हणजे कोण चालायला लावते, आणि हे फंक्शन कुणाला हाक मारते, अशी दोन वेगळी खाती त्याच्या पडद्यावरच होती. झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात वाढलेल्या स्मॉलटॉक-८० या भाषेच्या ब्राउझरमध्येही (कोड चाळण्याच्या खिडकीतही) एखादा संदेश पाठवणारे कोण आणि तो अमलात आणणारे कोण, अशा दोन याद्या मागता येत.

कोकणात ज्याने घरच्या जमिनीचे कागद हाताळले आहेत त्याला या दोन प्रश्नांतला फरक समजावून द्यावा लागत नाही. सातबाऱ्यावर जमिनीच्या एका तुकड्यापासून सुरुवात होते आणि त्यावर कुणाकुणाची नावे आहेत ते कळते. आठ-अ मध्ये सुरुवात खातेदारापासून होते आणि त्या गावात त्याच्या नावे कोणकोणते तुकडे आहेत ते कळते. माहिती एकच, पण हाती फक्त सातबारे असतील तर आठ-अ तयार करायला गावातला प्रत्येक उतारा चाळावा लागेल, आणि आमच्याकडच्या एखाद्या लहानशा वरकस तुकड्यावरही मुंबईला गेलेल्या सहहिस्सेदारांची नावे ओळीने लागलेली असतात. म्हणून दोन्ही नमुने वेगवेगळे ठेवावे लागतात, आणि एकातली दुरुस्ती दुसऱ्यात उतरली नाही तर पुढे वाद होतात. आठ-अ चे आणखी एक वैशिष्ट्य मला माझ्या कामात उपयोगी पडले. तो एका गावापुरता असतो. शेजारच्या गावात त्याच माणसाची जमीन असली तरी ती त्या कागदावर दिसत नाही, आणि तो कागद कोणत्या गावाचा आहे हे मात्र माथ्यावर ठळक लिहिलेले असते. एडिटरमध्ये ‘सर्व वापर’ ही यादी दाखवताना तिच्या माथ्यावर कोणत्या फोल्डरमध्ये शोधले आणि कोणते वगळले हे मी लिहिते, कारण त्याशिवाय ‘सर्व’ या शब्दाला अर्थ राहत नाही.

नावांची यादी काढण्यासाठी आधी कोड वाचता आला पाहिजे, आणि इथे एक अडचण आहे. एडिटरमधला कोड बहुतेक वेळ अर्धवट असतो. कंस उघडलेला असतो पण मिटलेला नसतो, ओळ सुरू झालेली असते पण संपलेली नसते. कोडचे यंत्राला चालवता येईल अशा रूपात भाषांतर करणारा कंपायलर अशा कोडपुढे हात टेकतो, आणि त्याने टेकले तर हरकत नाही, कारण त्याच्यापुढे कोड पूर्ण करूनच न्यायचा असतो. एडिटरला ते चालत नाही. मॅक्स ब्रन्सफेल्ड यांनी गिटहबमध्ये ॲटम एडिटरच्या निमित्ताने विकसित केलेल्या ट्री-सिटर या कोड वाचणाऱ्या साधनाने ही अडचण फार सुरेख सोडवली. तुटलेल्या भागाला तो ‘इथे चूक आहे’ असे म्हणून बाजूला ठेवतो आणि बाकीच्या फाइलची व्याकरणिक रचना शाबूत ठेवतो. शिवाय एक अक्षर बदलले तर बदललेल्या फांदीपुरतेच काम पुन्हा करतो. प्रत्येक कळीगणिक हे घडू शकते म्हणूनच नावांची यादी ताजी राहते.

त्यापलीकडचा टप्पा म्हणजे लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल. २०१६च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने रेड हॅट आणि कोडेन्व्ही या कंपन्यांसह तो जाहीर केला. त्याआधी प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषेची समज स्वतंत्रपणे शिकवावी लागे. आता प्रत्येक भाषेसाठी एक सर्व्हर, म्हणजे त्या भाषेची समज असलेला वेगळा प्रोग्राम, आणि सगळ्या एडिटरांशी बोलण्याची एकच रीत, इतके पुरते. या व्यवस्थेचे माझ्यावर ऋण आहे. पण इकडच्या कॉलेजांच्या प्रयोगशाळांत आणि विद्यार्थ्यांच्या घरी जी यंत्रे मला दिसतात त्यांत बऱ्याचदा ४ जीबी मेमरी असते, आणि मोठा सर्व्हर सुरू होऊन सगळा कोड पचवेपर्यंत वाचणारा ताटकळत राहतो. रॉबर्ट मिलर यांनी १९६८मध्ये आणि पुढे जेकब निल्सन यांनी १९९३मध्ये मांडलेली मर्यादा अशी, की उत्तर ०.१ सेकंदाच्या आत आले तर ते आपल्या कृतीचाच भाग वाटते, आणि एका सेकंदापुढे गेले की विचाराची साखळी तुटू लागते. म्हणून माझ्या रचनेत पहिले उत्तर नेहमी यंत्रावरच्या साध्या इंडेक्समधून येते आणि सर्व्हर असेल तर त्याचे नेमके उत्तर मागाहून येऊन त्याला पुष्टी देते. इथे एक पथ्य कसोशीने पाळावे लागते. वाचणाऱ्याचे बोट यादीतल्या दुसऱ्या नोंदीवर गेले असताना सर्व्हरचे उत्तर आले म्हणून ती नोंद चौथी होता कामा नये. यादीचा क्रम तसाच ठेवून, पक्क्या ठरलेल्या नोंदीपुढे फक्त खूण उमटते.

आता पहिल्या उत्तराच्या कच्चेपणाविषयी. समजा कोडमध्ये ‘व्यवहार.नोंद_करा()’ अशी ओळ आहे. इथे ‘व्यवहार’ म्हणजे लिलाव की डिझेलची उचल, हे पायथॉनमध्ये पुष्कळदा त्या ओळीवरून कळत नाही. ती वस्तू दुसऱ्या फंक्शनमधून आलेली असते, ते फंक्शन तिसऱ्याकडून आलेले काहीही पुढे देत असते, आणि प्रोग्राम चालेपर्यंत नक्की काय येईल हे ठरलेले नसते. हे केवळ साधनांच्या कमतरतेमुळे होते असे नाही. प्रोग्राम चालताना काय करील याविषयीच्या कोणत्याही अर्थपूर्ण प्रश्नाचे सर्व प्रोग्रामांसाठी हमखास उत्तर देणारी रीत असूच शकत नाही, हे हेन्री राइस यांनी १९५३मध्ये सिद्ध केले आहे. तरीही अनेक एडिटर अशा ओळीवर कळ दाबताच कुठल्या तरी एका ‘नोंद_करा’वर नेऊन उभे करतात आणि दुसऱ्या जागांचा उल्लेखही करत नाहीत.

याचा परिणाम मी जवळून पाहिला. या प्रणालीवर काम शिकायला आलेला एक विद्यार्थी लिलावाच्या रकमेतला फरक शोधत होता आणि बराच वेळ डिझेलच्या वर्गातला कोड वाचत बसला होता. मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “ताई, एडिटरनेच इथे आणलं. म्हणजे हेच फंक्शन चालत असणार ना?” त्याच्या प्रश्नात काहीच वावगे नव्हते. ज्या साधनाने आतापर्यंत दहा वेळा बरोबर जागी नेले, त्याने अकराव्या वेळी त्याच ठामपणे भलत्या जागी नेले, तर नवशिक्याने संशय घ्यावा तरी कशावरून? जाणत्याला ओळीची ठेवण पाहून शंका येते. शिकणाऱ्याजवळ अजून ती नजर नसते, आणि या सोयीची सर्वांत जास्त गरज त्यालाच असते.

म्हणून माझ्या एडिटरमध्ये प्रत्येक उत्तराबरोबर ते कशाच्या आधारावर दिले आहे हे लिहिलेले असते. तीनच शब्दप्रयोग ठेवले आहेत: ‘पक्के’, ‘बहुधा’ आणि ‘फक्त नाव जुळते’. ‘बहुधा’ असेल तिथे कारणही येते, जसे की ‘याच फाइलच्या माथ्यावर हा वर्ग आयात केला आहे’, किंवा ‘याच फंक्शनमध्ये चार ओळी वर ही वस्तू तयार झाली आहे’. उत्तर एकच आणि पक्के असेल तेव्हाच एडिटर थेट उडी घेतो. एरवी छोटी यादी उघडते, जवळच्या नोंदी वर आणि लांबच्या खाली, आणि प्रत्येकीखाली त्या जागेच्या दोन-तीन ओळी दिसतात, म्हणजे बऱ्याचदा तिकडे न जाताही निवड करता येते. टक्केवारी दाखवण्याची सूचना मला काही जणांनी केली होती. मला ती पटली नाही. ८७ टक्के असा आकडा दाखवायचा तर त्यामागे खरोखर मोजलेले काहीतरी असायला हवे, आणि इथे असते ते एखादे कारण. ते कारणच दाखवावे, वाचणारा त्याचे वजन स्वतः ठरवतो.

‘काहीच सापडले नाही’ या उत्तराबाबत तर आणखी जपून बोलावे लागते. या प्रणालीत काही फंक्शनांची नावे कोडमध्ये कुठेच अखंड लिहिलेली नाहीत. ‘हिशेब_’ या अक्षरांना हंगामाचे नाव जोडून ते नाव प्रोग्राम चालताना तयार होते आणि मग त्या नावाचे फंक्शन हाकारले जाते. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळासाठी असलेले फंक्शन असेच आहे. त्याचे वापर शोधले तर एकही सापडत नाही, आणि ते जानेवारीत कधी चालतही नाही. एडिटरने ‘हे फंक्शन वापरात नाही’ असे ठोकून दिले, तर कुणीतरी सफाई म्हणून ते काढून टाकील आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात संस्थेचा हिशेब अडेल. माझा एडिटर ‘या नावाने केलेला वापर सापडला नाही’ असे म्हणतो, आणि त्या प्रकल्पात नावे जुळवून हाक मारणारी ठिकाणे असतील तर तीही त्याच यादीखाली दाखवतो. वाक्य थोडे लांबते, पण ते खरे असते.

इथवरचे प्रश्न जगभरच्या एडिटरांपुढे आहेत. यापुढचे प्रश्न आपल्याकडच्या कोडमध्येच ठळकपणे दिसतात, आणि त्यांच्याकडे कुणी फारसे लक्ष दिलेले मला आढळले नाही. या प्रणालीतली बहुतेक नावे मराठी आहेत, पण रोमन लिपीत लिहिलेली. ‘लिलाव’ हा शब्द कुणी एका ‘आय’ने आणि एका ‘ए’ने पाच अक्षरांत लिहिला आहे, तर कुणी दुहेरी ‘ई’ आणि दुहेरी ‘ए’ घालून सात अक्षरांत. ‘वजन’ कुठे ‘व्ही’ने सुरू होते तर कुठे ‘डब्ल्यू’ने. शोधचौकटीत एक रूप टाकले तर दुसरे मिळत नाही, आणि आधीच्या माणसाने कोणते रूप वापरले हे आठवणे अशक्य असते.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे व्लादिमिर लेव्हेन्श्टाइन यांनी १९६५मध्ये मांडलेले अंतर: एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरे बदलावी, वाढवावी वा गाळावी लागतात ते मोजायचे. पण इथे ते फसते. ‘लिलाव’च्या त्या दोन रोमन रूपांत तीन बदलांचे अंतर पडते, आणि पाच अक्षरी शब्दात तीन बदलांची मोकळीक दिली तर नको त्या नावांचा ढीग समोर येतो. उलट ‘वजन’ची दोन रूपे एका बदलाने वेगळी आहेत, आणि ‘वजन’ व ‘वहन’ हे दोन स्वतंत्र शब्दही रोमन लिपीत एकाच बदलाने वेगळे आहेत. अक्षरांचे अंतर मोजणाऱ्याला पहिला फरक लेखनाचा आणि दुसरा अर्थाचा, हे कळण्याची सोयच नाही. म्हणून मी दुसरी वाट धरली. इंडेक्समध्ये प्रत्येक नावाबरोबर त्याचे उच्चारानुसार आवळलेले रूप ठेवते: दुहेरी ‘ए’ एकेरी, दुहेरी ‘ई’ म्हणजे ‘आय’, दुहेरी ‘ओ’ म्हणजे ‘यू’, ‘डब्ल्यू’ म्हणजे ‘व्ही’, ‘पीएच’ म्हणजे ‘एफ’. महाप्राणाला (‘भ’, ‘ख’ यांतल्या हकाराला) मात्र हात लावत नाही, कारण ‘भार’ आणि ‘बार’ एकत्र आले तर हिशेबाच्या कोडमध्ये फायद्यापेक्षा गोंधळच अधिक होईल. ही ढिलाई शोधचौकटीपुरतीच आहे. नावावरून व्याख्येकडे उडी घेताना ती लागू होत नाही, कारण पायथॉनच्या लेखी ती दोन रूपे म्हणजे दोन निराळी नावेच आहेत आणि एडिटरने भाषेपेक्षा उदार होऊन चालत नाही.

देवनागरीत थेट लिहिलेली नावेही आता भेटतात. २००७च्या पीईपी ३१३१ या प्रस्तावानुसार पायथॉन ३मध्ये ती चालतात. ‘किनाऱ्यावरील_साठा’ असे नाव घ्या. त्यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकात, दोन प्रकारे येऊ शकतो: एक स्वतंत्र चिन्ह म्हणून, किंवा ‘र’ आणि त्यापुढे नुक्ता (अक्षराखालचा टिंब) अशी दोन चिन्हे म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. पायथॉन नावे वाचताना त्यांचे प्रमाणीकरण करतो, म्हणजे अशी पर्यायी रूपे एकाच रूपात आणतो, त्यामुळे त्यालाही ती दोन्ही एकच वाटतात. पण इंडेक्समध्ये जसेच्या तसे बाइट (संगणकाच्या साठवणीची एकके) ठेवले असतील तर एडिटर ‘सापडले नाही’ म्हणतो, आणि समोर दिसत असलेले नाव का सापडत नाही हे कुणालाही उमगत नाही. उपाय सोपा आहे, भाषा ज्या रीतीने प्रमाणीकरण करते त्याच रीतीने इंडेक्सने करायचे, पण तो कुणीतरी मुद्दाम करावा लागतो. ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून लिहिलेला तिसरा प्रकार प्रमाणीकरणातही एक होत नाही. तो नावांत चालत नसला तरी कोडमधल्या शेऱ्यांत (कॉमेंट्समध्ये) आणि पडद्यावर दाखवायच्या मजकुरात सर्रास असतो, म्हणून मजकूर शोधताना त्याची वेगळी दखल घ्यावी लागते.

जागा मोजण्यातही हाच पेच येतो. ‘भाव’ हा शब्द तीन चिन्हांचा आहे, पण यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत तो ९ बाइट घेतो. लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जागा मोजतो ती मुळात यूटीएफ-१६ या दुसऱ्या पद्धतीच्या एककांत, आणि तिथे ‘भाव’ तीनच भरतो. एकीकडे बाइट आणि दुसरीकडे ही एकके मोजली, तर ज्या ओळीत आधी ‘भाव’ हा मजकूर आणि पुढे फंक्शनचे नाव आहे तिथे कर्सर सहा घरे चुकून पडतो. २०२२च्या ३.१७ या आवृत्तीपासून कोणत्या एककात मोजायचे हे सर्व्हर आणि एडिटर आधी आपापसांत ठरवू शकतात. फक्त इंग्रजी मजकुरावर तपासलेल्या एडिटरमध्ये ही चूक कधीच दिसत नाही, कारण तिथे सगळी एकके सारखीच भरतात.

मजकूर शोधण्याच्या इंडेक्सचीही अशीच गत आहे. रस कॉक्स यांनी २०१२मध्ये गूगल कोड सर्चची जी पद्धत उलगडून सांगितली, तिच्यात प्रत्येक फाइलमधील सलग तीन-तीन बाइटांचे तुकडे नोंदवले जातात, आणि शोधशब्दाचे सगळे तुकडे ज्या फाइलींत आहेत तेवढ्याच उघडून पाहिल्या जातात. इंग्रजीत तीन बाइट म्हणजे तीन अक्षरे, त्यामुळे चाळणी बारीक लागते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइटांचे असते, त्यांतला पहिला बाइट नेहमी एकच आणि दुसरा दोनांपैकी एक. म्हणजे तीन बाइटांचा तुकडा आपल्याला जेमतेम एक चिन्ह सांगतो, आणि ‘काना असलेल्या सगळ्या फाइली’ अशी चाळणी लावण्याला काही अर्थ नाही. बाइटांऐवजी चिन्हांचे त्रिकूट धरले की तीच पद्धत मराठीतही उत्तम चालते.

हा सगळा इंडेक्स यंत्रावर ठेवायचा, तर इथल्या विजेचा विचार करावाच लागतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, त्याचा तडाखा दापोली-मंडणगडलाही बसला आणि कित्येक गावांत पुढे अनेक दिवस वीज नव्हती. तसे संकट रोजचे नसले तरी पावसाळ्यात वीज अचानक जाणे नेहमीचेच आहे. इंडेक्स अर्धा लिहून झालेला असताना यंत्र बंद पडले तर तो अर्धा बदललेला राहता कामा नये, म्हणून नवा इंडेक्स आधी वेगळ्या फाइलमध्ये पूर्ण लिहायचा, तो डिस्कवर पोहोचल्याची खात्री करायची आणि मगच जुन्याच्या जागी त्याचे नाव चढवायचे. नाव चढवण्याची क्रिया एक तर पूर्ण होते किंवा मुळीच होत नाही, त्यामुळे वाचणाऱ्याला जुना इंडेक्स मिळेल किंवा नवा, मोडका कधीच मिळणार नाही.

परतीच्या वाटेकडे मात्र बहुतेक एडिटर पुरेसे लक्ष देत नाहीत. व्हीआयचा वारस असलेल्या व्हिममध्ये घेतलेल्या उड्यांची उतरंड जपलेली असते आणि एका कळीने एकेक पायरी मागे येता येते. ही सोय मला उडीइतकीच महत्त्वाची वाटते. कोड वाचणारा एका प्रश्नाचा माग काढत लिलाव बंद करणाऱ्या फंक्शनमधून रक्कम काढणाऱ्याकडे जातो, तिथून दलालीकडे, तिथून पूर्णांक करण्याच्या एका क्षुल्लक फंक्शनकडे, आणि तिथे पोहोचेपर्यंत मूळ प्रश्न काय होता हेच डोक्यातून निसटते. म्हणून खिडकीच्या तळाशी ही वाट नावांनिशी दिसत राहते, आणि त्यांतल्या कोणत्याही नावावर थेट परतता येते. मधल्या काळात त्या फाइलीत फेरबदल झाले असले तरी जागा सापडावी म्हणून इथेही ओळीचा मजकूर जपला जातो, सीटॅग्जने दाखवलेल्या रीतीने.

एक आज्ञा मी अजून खुली केलेली नाही. नाव बदलण्याची आज्ञा, म्हणजे व्याख्येत आणि तिच्या सगळ्या वापरांत एका फटक्यात नवे नाव घालणारी. तिची मागणी वारंवार होते आणि मला ती रास्त वाटते. परंतु शोधताना एडिटर चुकला तर वाचणारा भलत्या जागी जाऊन परत येतो, एवढेच होते. नाव बदलताना तो चुकला तर कोड बिघडतो. ‘बहुधा’ म्हणून दाखवलेल्या जागी वाचायला जाणे ठीक आहे, तिथे आपणहून लिहिणे ठीक नाही. त्यामुळे ही आज्ञा येईल तेव्हा ‘पक्क्या’ जागा ती स्वतः बदलेल, बाकीच्या प्रत्येक जागेपाशी थांबून ती ओळ दाखवेल, विचारेल आणि होकार मिळाल्याशिवाय तिला हात लावणार नाही. ‘हिशेब_’ला शेपूट जोडून तयार होणाऱ्या नावांच्या बाबतीत तर ती फक्त ते ठिकाण दाखवील आणि बदल माणसावर सोडेल. हा शेवटचा भाग अजून लिहून व्हायचा आहे, कारण अशी जुळवलेली नावे कोडमध्ये कोणकोणत्या रीतींनी येतात ते मी सध्या त्या संस्थेच्या जुन्या फाइलींतून गोळा करते आहे.